नवमीचा जॉब

भूपाल मगदूमच्या घरात, काचेच्या कपाटात, नातवंडांच्या ट्रॉफ्यांच्या घोळक्यात एक लोखंडी दांडा उभा होता. वीतभर लांब, अंगठ्याहून जरा जाड. एका टोकाची दोन बोटं जागा खरबरीत, बाकी सगळा आरसा. दर अमावस्येला भूपाल त्याला मशीनचं तेल लावून पुसायचा. एवढी माझी सेवा केली असती तर मी अजून वीस वर्षं टिकले असते, असं त्याची बायको म्हणायची, आणि भूपाल ऐकू न आल्यासारखं करायचा. उभी हयात कानात वेस्टचे, म्हणजे मशीन पुसायच्या सुताचे, बोळे घालून लेथवर काढलेल्या माणसाला हे सोंग चांगलं जमतं.

त्या दांड्यासाठीच शाहीन आज आली होती. रफिक मुजावरची मुलगी, कोल्हापुरात संशोधन करणारी डॉक्टर. लहानपणी ती भूपालच्या खांद्यावर बसून जत्रेला गेली होती. आता चाळिशीला आलेली, चष्मा, हातात कसलीशी पेटी.

"काका, हा तोच ना? त्या दिवशीचा?" तिनं कपाटाकडे बोट केलं.

"तोच."

"मला हवाय. ऐकायचाय."

भूपालनं चहाचा कप खाली ठेवला. ही वेळ कधीतरी येणार हे त्याला दोन वर्षांपासून माहीत होतं. तेव्हापासून तो तेल जरा जास्तच लावत होता.

सरनोबतांच्या ऑइल इंजिनच्या कारखान्यात खंडेनवमीची एक रीत होती. त्या आठवड्यात प्रत्येक टर्नरनं, म्हणजे लेथवर लोखंड कातणाऱ्या कामगारानं, दुपारच्या सुट्टीत, भंगारातल्या तुकड्यातून, एक दांडा कातायचा. तो कुठल्याच इंजिनात बसणारा नको, कशाच्याच उपयोगाचा नको. फक्त हात किती साफ आहे ते देवाला दाखवायचं. नवमीला आपापल्या लेथवर तो ठेवून झेंडूची माळ घालायची, आणि मग भिंतीतल्या कोनाड्यात तो कायमचा. त्याला नवमीचा जॉब म्हणत. थोरले सरनोबत स्वतः कोनाड्यापुढे उभे राहून एकेक जॉब नखावर फिरवून बघायचे. ज्याचा आवडला त्याच्या पाठीवर थाप, बक्षीस वगैरे काही नाही. त्या थापेसाठी माणसं आठवडाभर उपाशी राहून कातायची. रफिक नमाज पढणारा माणूस, पण नवमीचा नारळ लेथच्या पायावर फोडायचा मान त्याचा, कारण एका फटक्यात सरळ दोन भकलं करणारा हात मशीनशॉपमध्ये त्याचाच होता.

काय दिवस होते ते. कटिंग ऑइलचा तो उग्र वास सुद्धा आता भूपालला आठवला की भूक लागायची. कारखाना बंद पडला, कोनाड्यातले सगळे जॉब किलोवर गेले. भूपालनं आपला तेवढा एक उचलून आणला. ज्या दुपारी तो कातला त्याच दुपारी रफिकनं निंबाळकर सुपरवायझरचं कपाळ फोडलं होतं.

निंबाळकर हा हात उचलणारा सुपरवायझर होता. तेव्हा त्याचं कुणाला विशेष वाटायचं नाही. शिकाऊ पोरांना टपली, मोठ्यांना शिवी, चुकलं तर कानाखाली. त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. भूपाल आपल्या जॉबवर शेवटचा हात, म्हणजे फिनिशिंग कट, मारत होता आणि मागच्या लेथवर रफिक आपला जॉब लावत होता. फिनिशिंग कट चालू असताना टर्नर मान वळवत नाही. टूल, म्हणजे कातणारी धार, एवढंसं अडखळलं तरी जॉबवर वळं उमटतं आणि ते मग जन्मभर दिसतं. कानातल्या बोळ्यांतूनही किंकाळी ऐकू आली, तरी भूपालनं आधी कट पुरा केला, टूल बाहेर काढलं आणि मग वळला. निंबाळकर रक्तात पडलेला. शेजारी लेथची चावी. रफिक उभा, पांढराफटक.

"मी मारलं," तो म्हणाला. पुढं कुणी काही विचारलंच नाही.

रफिक सहा महिने आत जाऊन आला. निंबाळकर जगला; त्या दुपारचं त्याला काही आठवत नव्हतं, पण त्यानं पुन्हा कुणावर हात उचलला नाही. अख्ख्या औद्योगिक वसाहतीत त्यानंतर कुठल्याच सुपरवायझरनं तो उचलला नाही. रफिकला कारखान्यात नोकरी मिळाली नाही, त्यानं रिक्षा चालवली; पण रिक्षास्टँडवर त्याच्या चहाचे पैसे कधी कुणी घेतले नाहीत. नवीन लागलेली पोरं त्याला लांबून दाखवायची, तो बघ तो, ज्यानं सुपरवायझरला आडवा केला. ही गोष्ट सगळ्यांत रंगवून सांगणारा माणूस म्हणजे अर्थात भूपाल. त्यानं प्रत्यक्षात काहीच बघितलं नव्हतं, हा तपशील तो गाळायचा.

शाहीनच्या वाट्याला त्याच गोष्टीची दुसरी बाजू आली होती. तिचं ठरलेलं लग्न मोडलं ते 'मुलीचा बाप मारेकरी' म्हणून. परदेशी शिकायला जायचे कागद तीनदा परत आले.

"अब्बानं मुंगी मारलेली मी बघितली नाही," ती म्हणाली. "त्यांनी माणसाचं डोकं फोडलं हे मला पटत नाही. लहानपणापासून पटत नाही. आणि आता ऐकायची सोय आहे."

ही सोय म्हणजे तिचंच यंत्र. त्याला भलंमोठं शास्त्रीय नाव होतं, पण गाळणी, चाळणी तशी लोकांनी त्याला ऐकणी म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं.

तिनं पहिल्यांदा भूपालला ते समजावलं होतं तेव्हा त्याला हसू आलं होतं, इतकं ते सोपं होतं. जुनी गाण्याची तबकडी कशी बनायची? आवाजानं एक सुई थरथरायची आणि फिरत्या तबकडीवर गोल गोल जाणारी एक चर कोरायची. मग लेथवर वेगळं काय होतं? जॉब फिरतो, टूल हळूहळू सरकतं आणि जॉबवर मळसूत्रासारखी एकच अखंड बारीक चर कोरली जाते. टूलाचं टोक म्हणजे सुईच. शेजारी कुणी बोललं, खोकलं, गायलं, तर ते टोक केसाच्या लाखाव्या भागाइतकं का होईना, हलतं. कातलेला प्रत्येक दांडा ही एक तबकडी आहे, फक्त ती आजवर कुणी वाजवली नव्हती.

वाजवायला अडचण होती ती लेथच्या स्वतःच्या आवाजाची. पण लेथ तेच तेच बोलते. गिअरचा प्रत्येक दात ठरलेल्या वेळी ठरलेलाच ठोका देतो. ऐकणी प्रकाशाच्या किरणानं ती चर वाचते, जे पुन्हा पुन्हा येतं ते वजा करते, आणि जे उरतं ते माणसाचं.

मग जे झालं ते साऱ्यांनी पाहिलंच. ज्याच्या घरी कातलेलं काही होतं तो रांगेत येऊन उभा राहिला. पितळी समया आल्या, विहिरीच्या रहाटाचे कणे आले, पाळण्याचे खूर आले, लाटणी आली. एका बाईनं लाटण्यात सासऱ्याचा खोकला ओळखला आणि ते लाटणं घट्ट धरून घरी नेलं. आणि कारखानदारांचे धाबे दणाणले. जुन्या शाफ्टांमधून फोरमनच्या शिव्या, दाबून टाकलेले अपघात, 'गार्ड नसलं तरी चालव रे' असले हुकूम जसेच्या तसे बाहेर यायला लागले. रातोरात कित्येक टन लोखंड भट्टीत गेलं. शेवटी कायदा झाला. आता प्रत्येक शॉपमध्ये दर पाळीला एक साक्षी-सळई कातून सरकारजमा करावी लागते, आणि लेथजवळ उभे असलेले सुपरवायझर 'अहो, जरा इकडं बघता का' असं बोलतात. जुने खटले पुन्हा उघडायला एक लवाद बसला. शाहीननं तिथं अर्ज केला होता.

"उद्या घेऊन येतो लॅबमध्ये," भूपाल म्हणाला. "आजचा दिवस राहू दे माझ्याजवळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना रिक्षा थांबल्याचा आवाज आला. रफिक. बहात्तरीचा, गुडघ्यांनी जेर केलेला, पण दाढी नीट कातरलेली.

"भूप्या, पोरगी आल्ती म्हनं."

"आल्ती."

"दिलास?"

"आज न्हेतोय."

"न्हेऊ नको." रफिक ओट्यावर बसला. बराच वेळ त्यानं गुडघेच चोळले. "मी मारलंच न्हाई रं त्याला."

"मग ती बी तेच म्हंत्या की. तेच शोधायचंय तिला."

"चावी चकात ऱ्हायल्ती."

भूपालच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

लेथवर जॉब धरणाऱ्या जबड्याला चक म्हणतात आणि तो आवळायची एक दणकट चावी असते. आवळून झालं की चावी आधी काढायची, मग लेथ सुरू करायची. विसरलं तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते आणि कुणाच्या कपाळात बसेल ते सांगता येत नाही. टर्नरला पहिल्या दिवशी पहिला धडा हा, आणि तो विसरला त्याला शॉपमध्ये कुणी टर्नर म्हणत नाही. माणूस दारू पितो, बायकोशी भांडतो, कर्ज बुडवतो, ते सगळं चालतं. चावी चकात ठेवणारा चालत नाही.

"निंबाळकर आला," रफिक खाली बघत म्हणाला. "बोलला जरा वरच्या पट्टीत. मी मागं सरलो, ढुंगान लिव्हरला लागलं, लेथ फिरली. चावी सुटली ती थेट त्याच्या कपाळात. तू वळायच्या आत मी लेथ बंद केली."

"आणि मारलं म्हनून सांगितलंस?"

"मग काय सांगू? रफिक मुजावर चावी इसरला? मला काम शिकवलेला उस्ताद जित्ता हुता तवा. त्याला काय तोंड दावलं असतं?"

"सा म्हैनं जेलात बसलास की, लेका. चावीपायी."

"आत सगळी मान द्याची," रफिक म्हणाला आणि दोघांनाही हसू आलं. हसताहसता रफिकचे डोळे भरले. भूपालला त्याचा राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्याला ते पुरेपूर समजलं होतं. त्याच्या जागी आपणही हेच केलं असतं, याची त्याला खात्री होती.

रफिकचं म्हणणं सरळ होतं. परसातल्या शेडमध्ये भूपालची छोटी लेथ आहे. जॉब तिच्यावर चढवायचा, सुताभर एक कट मारायचा. चकाकी तीच राहील, आतलं सगळं किसाबरोबर खाली पडेल. पोरीला सांगायचं, काही निघालं नाही.

भूपालनं कपाट उघडून जॉब काढला. एका हातात जन्माचा दोस्त आणि दुसऱ्या हातात त्याच्या पोरीचा एकमेव पुरावा. काल तिला दिलेला शब्द त्याला मोडवत नव्हता आणि रफिकला नाही म्हणवत नव्हतं. तो जॉब फिरवत राहिला आणि त्याचा अंगठा खरबरीत टोकावर थांबला. कातताना ते टोक चकात धरलेलं होतं, म्हणून तिथं टूल कधी पोचलंच नव्हतं.

"हितं दोन बोटं जागा कोरी हाय," तो म्हणाला. "म्हाताऱ्या, पोरीला लोखंडाकडनं कळन्यापरास तूच सांग की."

"तोंडावर न्हाई जमायचं. कितीदा आलो जिभेवर घिऊन."

"तोंडावर नको. टूलासमोर बोल. आधी ती तुझं ऐकंल, मग लोखंडाचं."

रफिकनं शेडच्या दाराकडे बघितलं. मग पायजमा सावरत उठला.

भूपालनं आरशासारख्या भागाला तांब्याची पट्टी गुंडाळून जॉब उलटा धरला. जुन्या कटाचा सुरुवातीचा इंचभर चकात दबून जाणार होता, पण त्याला इलाज नव्हता. लेथ रफिकच्या हाती दिली. इतक्या वर्षांनी हात लावला तरी त्या हातांना काही सांगावं लागलं नाही. त्यानं चक आवळला, चावी काढली, खुंटीला लावली. परत चकाकडे बघितलं. परत खुंटीकडे बघितलं. भूपालनं कानात बोळे घातले आणि बाहेर जाऊन जास्वंदीपाशी उभा राहिला. काचेतून त्याला फक्त रफिकचे हलणारे ओठ दिसत होते.

लॅबमध्ये भूपालला खुर्ची दिली. जॉब एका काचेच्या डब्यात हळूहळू फिरत होता.

आधी आली ती नवी बाजू. रफिकचा म्हातारा आवाज, घसा खाकरत. "शाहीन, बेटा. चावी मी इसरलो हुतो. मी कुनाला मारलं न्हाई. लोकांनी मान दिला, तो मी घेतला, तुझ्या वाट्याला त्रास आला. लवादाला काय सांगायचं ते सांग. टर्नर म्हनून माझी इज्जत जाईल ती जाऊ दे आता. तुझ्या अब्बाला माफ कर."

शाहीननं चष्मा काढून पुसला. तिचा चेहरा मोकळा झाला होता. आयुष्यभर जे पटत नव्हतं ते खरंच नव्हतं.

मग जुनी बाजू. आधी नुसती खरखर, मग अचानक, शेजारी उभा असल्यासारखा, तिशीतला रफिक.

"भूप्या, ए भूप्या. लग्न ठरलंय म्हनं तुझं. पोरीला सांगितलंस का, कानात बोळं घालून झोपतोस म्हनून?" आणि हसणं. पोट धरून, खदाखदा, मध्येच नाकातून आवाज काढत.

भूपाल खुर्चीत पुढं सरकला. त्या दुपारी मागं रफिक काय बडबडत होता ते त्याला कधी कळलंच नव्हतं. बोळ्यांमुळं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. आता तो एकेक शब्द ऐकत होता. रफिकनं त्याच्या होणाऱ्या बायकोवरून टिंगल केली, त्याच्या चपलांवरून केली, एक गाणं म्हटलं आणि विसरला. बाहेर कुठंतरी नळाखाली डबे धुतल्याचा आवाज होता. सगळा शॉप परत उभा राहिला आणि भूपालच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. शाहीननं ते हसणं पुन्हा मागं नेऊन ऐकलं. अब्बाचं असं हसणं तिनं कधीच ऐकलं नव्हतं.

मग बुटांचा आवाज आला. निंबाळकर. जॉब, कारखान्याची वीज, बापाचा माल, असं काहीतरी. आणि फाडकन एक आवाज. भूपालला वाटलं लेथचा पट्टा निसटला. मग दुसरा, तिसरा. पट्टा नव्हता तो.

"साहेब," रफिक म्हणत होता. आवाज अगदी हळू, घाईघाईचा. "साहेब, हितं नको. पाया पडतो. भूपाल बघंल, साहेब. भूपालसमोर नको."

आणखी एक. धडपडल्याचा आवाज. मोटरीची घरघर, धप्, किंकाळी. त्यानंतर टूल शांतपणे शेवटापर्यंत सरकत गेलेलं, एकही वळं न उमटू देता.

शाहीननं यंत्र बंद केलं. भूपाल आपल्या हातांकडे बघत होता. तो कट त्याच्या आयुष्यातला सगळ्यात सुरेख कट होता, आणि आता तो बघावासा वाटत नव्हता. चावीची लाज रफिकनं बोलून टाकली होती. मार खाल्ल्याची ही लाज त्यानं कुणालाच सांगितली नव्हती, टूलालाही नाही.

"हा भाग लवादाला दिला तर निकाल एका बैठकीत लागेल," शाहीन म्हणाली. "त्यानं मारलं, ढकललं, म्हणून लिव्हर लागली. दुसरं काही सिद्धच करावं लागणार नाही."

"आणि न्हाई दिला तर?"

"मग नुसती मोटर आणि चावी. अपघात म्हणून मानतील, नाही तर नाही मानणार. भांडावं लागेल." तिनं पडद्यावरची एक रेघ बोटानं पुसल्यासारखं केलं. "दिला तर तो सगळ्यांपुढं वाजवतात, काका. अब्बांना समोर बसवून."

भूपालनं नकारार्थी मान हलवली. तिनं मोटरीपासून पुढचा तुकडा तेवढा लवादासाठी कापून घेतला, मारहाणीचा भाग पुसून टाकला. मग फोन उचलला आणि तो बाहेर ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडे पहिल्याच घंटेला रफिकनं घेतला. तो फोन हातात धरूनच बसला असणार.

"ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"ऐकलं, अब्बा. चावीचं कळलं. त्यात काय एवढं? चुकतं माणसाचं."

"हं. आणि… जुन्या बाजूला? अजून काय ऐकू आलं?"

"तुमचं हसणं. काकांची टिंगल. पुढं काही नाही. लेथचा आवाज फार आहे तिथं, बाकी सगळं त्यात गेलं."

जेवणाच्या सुट्टीत शॉपमधल्या सगळ्या लेथ बंद असतात, आणि फिनिशिंग कटला चालणारी एक लेथ दुधाच्या सायीवरून बोट फिरवावं तशी चालते, बोलणं बुडवण्याइतका आवाज करत नाही. हे शाहीनला ठाऊक नसेल. भूपालला ठाऊक होतं, आणि रफिक तर टर्नर होता. भूपालनं डोळे मिटून घेतले.

"व्हय," रफिक अखेर म्हणाला. "लई आवाज करायची ती लेथ."

मग त्यानं विचारलं, "जेवलीस का, बाळ?"